अत्र्यांचे हसणे आणि आपले हसे

पिंपरीच्या संत तुकारामनगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांना ते ठाऊक आहे. मुलांची स्नेहसंमेलने, कामगारांचे सत्कार, कधीमधी एखादे व्यावसायिक नाटक यांच्या निमित्ताने तेथे जाणे होते. आणि तेवढेही घडले नाही तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते नाव ओठी येतेच. युवकांच्या एका बैठकीत आम्ही सहज विचारले, हे अत्रे कोण? एकाने सांगितले, संयुक्त महाराष्ट्राचे पुढारी. एका मुलीने ‘श्यामची आई’ या चित्रपटाचे नाव घेतले. दोन्ही उत्तरे बरोबर होती. तथापि ज्या वास्तूला त्यांचे नाव दिले आहे ती नाटकाची वास्तू आहे, आणि या गृहस्थाने आयुष्याच्या पूर्वार्धात महाराष्ट्राला मुख्यतः हसविण्याचे काम केले, हे कुणाच्या ध्यानी आले नाही.

अत्र्यांकडे वळण्यास आम्हांला एक घरचे निमित्तही आहे. ते आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही याच औद्योगिक पट्ट्यातील दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना तेथील युवकांनी चर्चच्या सणासाठी एक छोटे प्रहसन लिहिले. त्यात एक सद्गृहस्थ चर्चला विजेचा पंखा देणगी देतात आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर आपले नाव रंगवून घेतात. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते. म्हणून भर मे महिन्यात, भर मिस्सेत, ते उठून पंखा बंद करतात. वही वाचताना आम्ही मोठ्याने हसलो, आणि मग ते प्रहसन होऊ दिले नाही. कारण त्या धर्मग्रामात पंखे देणारे एक सज्जन खरोखरच होते. परनिंदा हे पाप आहे, असे आम्ही मुलांना समजावून सांगितले. मुले काही बोलली नाहीत. ज्याने लिहिले होते त्याने वही आमच्या टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. ती वही बदलीच्या सामानातून आमच्याबरोबर येथे आली आहे. हसण्याने माणूस दुखावला जाणे केव्हा पाप असते आणि केव्हा नसते, याचा उलगडा आम्ही त्या दिवशी घाईने केला होता. अत्रे पुन्हा वाचताना तो प्रश्न परत उभा राहिला.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. सासवडहून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचे नाव त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला दिले. पुण्यात शिक्षण, पुण्याच्या कॅम्पातील शाळेत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक, शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला जाऊन येणे, क्रमिक पुस्तके तयार करणे, असा त्यांचा पहिला काळ आहे. १९४० मध्ये ‘नवयुग’ साप्ताहिक, १९४२ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९५६ मध्ये दैनिक ‘मराठा’, मग विधानसभा. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले. एका माणसाच्या वाट्याला इतकी कामे आली की वाचकाने त्यांतले कोणते खरे मानावे हा प्रश्न पडतो. आमच्या मते मूळ माणूस शिक्षक होता. वर्गात चूक करणाऱ्या मुलाची नक्कल करून साऱ्या वर्गाला हसवावे, आणि त्या मुलालाही हसू यावे, हे ज्याला साधते त्या जातीचा शिक्षक.

१९२५ साली ‘केशवकुमार’ या टोपणनावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ हा विडंबन कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुण्यात दोन वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, रविकिरण मंडळ स्थापन झाले होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातील ठळक नावे. ही मंडळी एकत्र बसून चहा घेत, कविता वाचत आणि एकमेकांना दाद देत. माधव जूलियन फारसीचे विद्वान. त्यांच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. सुनीते लिहिली जात, गझला लिहिल्या जात, आणि प्रेमभंगाचे उसासे तर पानोपानी टाकले जात. अत्र्यांनी या साऱ्याची नक्कल केली. शीर्षकातच त्यांचा रोख दिसतो. त्या काळचा कवी नाजूक, सुगंधी, सुकुमार फुलांवर जीव टाकणारा. अत्र्यांनी पुढे केला तो तोरणात ओवला जाणारा, घमघमाट नसलेला, रोजच्या बाजारातला झेंडू.

हे विडंबन का टिकले? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे की अत्र्यांना ती कविता येत होती. ज्याला वृत्त सांभाळता येत नाही त्याने वृत्ताची थट्टा करावी यात काही अर्थ नाही. अत्र्यांचे वृत्त पक्के, यमक पक्के, शब्दकळा मूळ कवीसारखीच श्रीमंत. फक्त त्या भरजरी पोशाखाच्या आत त्यांनी एखादा अगदी क्षुद्र, घरगुती विषय उभा केला. पोशाख आणि अंग यांतली विसंगती दिसली की हसू येते. ज्याचे विडंबन करायचे त्याची कविता दहादा वाचावी लागते, तिचा श्वास कोठे थांबतो हे ऐकावे लागते. असे वाचन प्रशंसकही करीत नाहीत. शिवाय याच केशवकुमारांनी आजीच्या घड्याळावरची ती कविता लिहिली, जी कित्येक पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. घरात दिसत नाही असे ते घड्याळ आजी कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि सूर्याच्या सावल्यांवरून वाचते. ज्याला ते लिहिता आले त्याच्या मनात कवितेविषयी तुच्छता होती असे म्हणवत नाही.

येथे आम्हांला सेमिनरीतल्या इंग्रजीच्या तासाची आठवण होते. आमच्या वृद्ध प्राध्यापकांना अठराव्या शतकातला उपरोधकार अलेक्झांडर पोप फार प्रिय. तो कॅथलिक होता एवढ्यावरच त्यांची अर्धी पसंती ठरलेली असे. कॅथलिक असल्यामुळे पोपला विद्यापीठाची दारे बंद होती, सरकारी पद मिळणे शक्य नव्हते, आणि लंडनपासून दहा मैलांच्या आत कॅथलिकांनी राहू नये असाही कायदा होता. त्यात मणक्याच्या रोगाने शरीर वाकलेले. अशा माणसाने १७२८ मध्ये ‘डन्सियाड’ हे दीर्घ काव्य लिहून लंडनच्या सामान्य कवींना आणि लेखकांना मूर्खतेच्या राज्याचे नागरिक ठरविले. त्या काव्याचा नायक होता लुइस थिओबाल्ड. त्याचा गुन्हा काय? पोपने काढलेल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीतील चुका त्याने १७२६ मध्ये दाखवून दिल्या होत्या, आणि त्या बहुतांशी खऱ्या होत्या. पुढे पोपचे कॉली सिबर या नटाशी बिनसले, तेव्हा १७४३ मध्ये त्याने थिओबाल्डला सिंहासनावरून उतरवून तेथे सिबरला बसविले. काव्य तेच राहिले आणि मूर्ख बदलला. कारागिरी अप्रतिम आहे. पण नायक असा सोयीने बदलता येतो, तेव्हा आतले इंधन कोणते होते ते कळते. प्राध्यापक महोदयांना आम्ही हे त्या वेळी बोलून दाखविले नाही, कारण परीक्षा जवळ आली होती.

पोपचा स्नेही जॉन गे हा अधिक सौम्य प्रकृतीचा माणूस. त्याची ‘बेगर्स ऑपेरा’ १७२८ च्या जानेवारीत लंडनला रंगभूमीवर आली आणि त्या हंगामात तिचे बासष्ट प्रयोग झाले. चोर, दरोडेखोर आणि चोरीचा माल विकणारा दलाल यांच्या तोंडी त्याने दरबारी लोकांची भाषा घातली; प्रेक्षकांना पंतप्रधान वॉलपोल दिसला. पुढच्या ‘पॉली’ या नाटकाचा प्रयोगच सरकारने होऊ दिला नाही. पण वॉलपोल गेला, त्याचा काळ गेला आणि नाटक राहिले. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, जर्मनीत ब्रेख्तने त्याचे ‘थ्री पेनी ऑपेरा’ केले, आणि त्यावरून १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ मराठीत आणला. ज्यांना वॉलपोल हे नाव माहीत नाही अशा प्रेक्षकांनी पुण्यात त्याला टाळ्या दिल्या. उपरोधाची कसोटी आम्ही येथून घेतो: ज्याला हसले तो मरून गेल्यावर ते हसणे जिवंत राहते काय?

अत्र्यांची नाटके या कसोटीला लावून पाहावीत. त्यांनी गुरुस्थानी मानले ते राम गणेश गडकऱ्यांना. गडकरी १९१९ मध्ये गेले. त्यानंतर बोलपट आला, नाटक कंपन्या बुडू लागल्या, आणि त्या पडत्या काळात १९३३ मध्ये बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. त्या काळी सूर्यनमस्कारांच्या प्रसाराने महाराष्ट्र भारून गेला होता. अत्र्यांनी एक घर उभे केले आणि त्यातील प्रत्येकाला एकेक वेड दिले. कुणाला नमस्कारांचे, कुणाला फलज्योतिषाचे, कुणाला कवितेचे. येथे पाहण्यासारखे हे की वाईट माणूस एकही नाही. नमस्कार घालणे चांगलेच, कविताही चांगलीच. परंतु चांगल्या गोष्टीने माणसाचा ताबा घेतला की त्याला समोरचे माणूस दिसेनासे होते, आणि अत्र्यांचा विनोद नेमका तेथे बोट ठेवतो. आज सूर्यनमस्कारांच्या जागी व्यायामशाळेतली यंत्रे आणि आहाराचे तक्ते आले आहेत. नाटकाला फरक पडत नाही. दुसऱ्या बाजूला ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ या १९३४ आणि १९३६ सालच्या नाटकांत अत्र्यांनी विनोद आवरता घेऊन संसारातील स्त्रीची होरपळ दाखविली. त्यांतील कळकळ खरी आहे. परंतु पात्रे व्याख्यान देऊ लागली की आम्हांला मुख्याध्यापक पडद्याआडून बोलताना ऐकू येतो. ‘लग्नाची बेडी’ आणि पुढची ‘मोरूची मावशी’ यांविषयी एवढेच म्हणू की ती नाटके पाहताना टीकाकाराने वही घरी ठेवावी.

‘तो मी नव्हेच’ मात्र निराळे नाटक आहे, आणि आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने ते पाहावे असे आम्हांला वाटते. ते १९६२ च्या ऑक्टोबरात दिल्लीला प्रथम सादर झाले. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे, रंगमंच फिरता, आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत. माधव काझी नावाच्या एका भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेले आहे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या पोशाखांत त्याने बायकांशी लग्ने लावली, त्यांच्या घरच्यांचे पैसे उकळले आणि नाहीसा झाला, असा आरोप. एकेक साक्षीदार येते, ओळख पटविते, आणि तो शांतपणे नाकारतो. वकील न घेता स्वतःच उलटतपासणी करतो. प्रेक्षक हसतात, कारण तो फार हुशार आहे. थोड्या वेळाने आपण कुणाच्या बाजूने हसत आहो हे ध्यानात येते आणि ओशाळल्यासारखे होते. समोर उभी असलेली स्त्री फसविली गेली आहे, आणि तिच्या गोंधळाला आपण हसलो.

मग उपरोध कुणावर आहे? लखोबावर नाही, तो तर सरळच गुन्हेगार आहे. उपरोध त्याच्या पाच पोशाखांवर विश्वास ठेवणाऱ्यांवर आहे. लष्करी कपडे दिसले की माणूस शूर, शास्त्रीबुवा दिसले की पवित्र. त्या पाच रूपांत एक राधेश्याम महाराज आहेत. आम्ही हे नाटक पिंपरीत पाहिले तेव्हा आमच्यासोबत धर्मग्रामातील आठ-दहा मंडळी होती. महाराज रंगमंचावर आले, भाविक त्यांच्या पायाशी झुकले, आणि आमच्या रांगेत बसलेल्या एका आजीबाईंनी हळूच वळून आमच्याकडे पाहिले. त्यांच्या मनात काही नव्हते. फादरांना नाटक आवडते आहे की नाही एवढेच त्यांना पाहायचे असावे. परंतु आम्ही त्या दिवशी साध्या शर्टात होतो आणि तरीही आम्हांला आमचा झगा अंगावर जाणवला. झगा पाहून लोक दार उघडतात, मुले हात जोडतात, घरातले दुःख सांगतात. तो झगा घालणाऱ्याची ओळख कुणी पटवून घेत नाही.

या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नाटक अधिक जवळचे वाटावे. आमची कुटुंबे नगरहून, जालन्याहून, वसईहून, आणखी कोठून कोठून आली. गावात असताना चार पिढ्या ठाऊक असत. येथे चाकणच्या कारखान्यातील ओळखपत्र हीच पुष्कळदा माणसाची सारी ओळख. मुलगा कायम नोकरीत आहे असे सांगून सोयरीक जुळते, आणि लग्नानंतर तो कंत्राटदाराकडे होता असे उघडकीस येते. वधूवरांची नावे मिस्सेत तीन रविवार जाहीर केली जातात, ती पद्धत पुष्कळांना कंटाळवाणी वाटते; जाहीर करताना आम्हांलाही पूर्वी वाटे. ‘तो मी नव्हेच’ पाहिल्यानंतर वाटेनासे झाले. लखोबाला अडविण्यासाठीच ती पद्धत आहे: कुणाला काही माहीत असेल तर त्याने उठून सांगावे. नाटकात त्या फसलेल्या स्त्रिया साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून जे सांगतात, ते लग्नाआधी सांगणारा त्यांना कुणी भेटला नव्हता.

अत्र्यांविषयी केवळ चांगलेच लिहून थांबलो तर ते त्यांनाच आवडले नसते. ‘नवयुग’ आणि ‘मराठा’ यांच्या स्तंभांतून त्यांनी ज्या तऱ्हेने प्रतिपक्षावर हल्ले केले, त्यांत विनोदाची जागा पुष्कळदा शिवीने घेतली. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि त्यात साहित्य किती आणि राग किती हे वेगळे काढणे कठीण आहे. ते हसणे आज वाचवत नाही. ज्यांना हसले ते गेले, भांडणे विझली, आणि मागे राहिला तो केवळ आरडाओरडा. पोपचा दोष येथे अत्र्यांतही दिसतो. आपला शत्रू हा सत्याचाही शत्रू, अशी समजूत. लोकांनी त्या वेळी टाळ्या दिल्या, हे खरे. टाळ्या मिळाल्या म्हणून तर सवय जडली.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी पंडित नेहरूंवर सर्वांत कठोर शब्द वापरले होते. १९६४ च्या मे महिन्यात नेहरू वारले, तेव्हा याच अत्र्यांनी ‘मराठा’त ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली, आणि ती वाचून महाराष्ट्र हळहळला. काहींनी याला नाटकीपणा म्हटले. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्यावर वर्षानुवर्षे शब्द उगारले त्याचे मोठेपण मोजून ठेवलेले असल्याशिवाय असे लेख रातोरात लिहून होत नाहीत.

एवढे वाचल्यावर आम्ही त्या वहीकडे परत आलो. आमच्या निर्णयात दोन गोष्टी मिसळल्या होत्या, असे आता दिसते. मुलांनी त्या सज्जनांचे नाव घेतले नव्हते, त्यांची चालढाल उचलली नव्हती, त्यांच्या घरादाराविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. त्यांनी लिहिले होते ते नावाच्या हौसेविषयी. ती हौस त्यांचीच होती असे नाही. चर्चच्या नव्या सभागृहाच्या कोनशिलेवर आमचे नाव आहे, आणि त्याची अक्षरे किती मोठी असावीत याविषयी आम्ही गवंड्याशी चर्चा केल्याचे स्मरते. आणि दानधर्म करताना पुढे तुतारी वाजवीत जाणाऱ्या माणसाचे चित्र मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आमच्या प्रभूनेच काढले आहे. ते ऐकताना तेथल्या श्रोत्यांना हसू आले असणार, आणि त्यांच्यात एखादा तुतारीवालाही बसलेला असणार. पंख्याच्या पात्यांची कल्पना त्या तुतारीच्या कुळातली आहे. आम्ही तिला परनिंदा म्हटले, कारण आम्हांला त्या सज्जनांची नाराजी नको होती. पुढच्या वर्षी छताचे काम काढायचे होते.

प्रहसनात दोष नव्हताच असे नाही. शेवटच्या प्रवेशात पंखा देणाऱ्याची बायको त्याला सर्वांसमोर झाडूने मारते; तो भाग स्वस्त आहे, केवळ हशा वसूल करण्यासाठी घातलेला. अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ लिहिताना असे केले नसते, ‘मराठा’त लिहिताना कदाचित केले असते. तो प्रवेश काढावा लागेल. बाकी वही जशीच्या तशी राहू शकते.

तो मुलगा आता चाकणला एका कारखान्यात आहे, लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. गेल्या आठवड्यात आम्ही त्याला फोन केला आणि वहीविषयी सांगितले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, ती अजून आहे तुमच्याकडे?” त्याची या आठवड्यात तिसरी पाळी आहे. रविवारी दुपारी झोप झाल्यावर येतो म्हणाला.